गार्ड कोणी काढला?

दरवर्षी ४ मार्च रोजी आपल्या कारखान्यांतून राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली, त्याचे ते स्मरण. फाटकावर ध्वज लागतो, ओळीत उभे राहून शपथ घेतली जाते, छातीवर बिल्ले लावले जातात आणि व्यवस्थापकांचे एक भाषण होते. भाषणाचा मथितार्थ ठरलेला असतो : बहुतेक अपघात कामगारांच्या निष्काळजीपणामुळे घडतात, सबब कामगारांनी सावध राहावे. भिंतीवर लावलेले चित्रही हेच सांगते. त्या चित्रात यंत्र असते, कामगार असतो, त्याच्या बोटाला बांधलेली पट्टी असते. ते काम त्याला कोणत्या दराने दिले होते, एवढेच तेवढे चित्रात नसते.

मोठ्या दुर्घटनांवर अग्रलेख लिहिले जातात. भोपाळवर १९८४ नंतर जगभर लिहिले गेले, आणि त्यातून १९८७ साली कारखाना कायद्यात काही चांगल्या सुधारणाही झाल्या. परंतु एका कामगाराचे एक बोट, एका पोराचा एक डोळा, ही बातमी होत नाही. म्हणून या वेळी एका लहानशा यंत्राविषयी लिहावयाचे आम्ही ठरविले आहे. हे यंत्र म्हणजे अँगल ग्राइंडर. कारखान्यात आणि रस्त्याकडेच्या ग्रील-दरवाजांच्या दुकानात त्याला नुसते 'ग्राइंडर' म्हणतात. लोखंड घासून सारखे करणे, वेल्डिंगचा सांधा सपाट करणे, गंज व जुना रंग काढणे, रंगापूर्वी पृष्ठभाग गुळगुळीत करणे, ही सारी कामे ते करते. दोन-अडीच किलो वजनाचे, एका हातात मावणारे आणि किमतीने कोणत्याही लहान दुकानदाराला परवडणारे हे यंत्र आज गावोगाव पोचले आहे. त्याचे पूर्वरूप जर्मनीतले. १९५४ साली तेथील 'फ्लेक्स' या कंपनीने वेगवान अँगल ग्राइंडर बाजारात आणला. जर्मन माणूस आजही या यंत्राला त्याच नावाने ओळखतो. आपल्याकडे यंत्र आले, पण त्याच्याबरोबर जी शिस्त यावयास हवी होती ती वाटेत कोठेतरी राहिली.

प्रथम या यंत्राची शक्ती समजून घेतली पाहिजे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. चकतीचा व्यास १०० मिलिमीटर धरला तर तिच्या कडेवरचा बिंदू सेकंदाला जवळजवळ ५८ मीटर, म्हणजे ताशी २०७ किलोमीटर वेगाने धावत असतो. राळेने बांधलेल्या चकत्या सामान्यतः सेकंदाला ८० मीटर या कमाल वेगासाठी बनविलेल्या असतात. म्हणूनच सात इंची चकतीवर ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, आणि सात इंची यंत्रही त्यामुळेच सावकाश फिरते. आता गार्ड काढून चार किंवा पाच इंची वेगवान यंत्रावर सात इंची चकती चढविली तर काय होते? कडेचा वेग सेकंदाला १०४ मीटरवर जातो. चकतीला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो मर्यादेच्या जवळजवळ १.७ पट होतो. चकती फुटते ती अशी. तिचा तुकडा ताशी पावणेचारशे किलोमीटर वेगाने निघतो, आणि तो कोणत्या दिशेने निघेल हे फिरविणाराला निवडता येत नाही. 'चकतीवरचा आकडा यंत्रावरच्या आकड्यापेक्षा कमी असता कामा नये' हा एक नियम प्रत्येक कामगाराला पाठ हवा. त्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही. दोन आकडे वाचता आले की पुरे.

हे यंत्र प्रत्यक्षात कसे वापरले जाते, हे पाहावयाचे तर कोल्हापूरचे उदाहरण घेऊ. उसाचे चरक आणि ऑइल इंजिने यांच्या गरजेतून तेथे ओतकामाचा उद्योग वाढला. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतून मोटारी, ट्रॅक्टर व पंप यांचे सुटे भाग देशभर आणि परदेशी जातात. साच्यातून बाहेर आलेले कास्टिंग लगेच ग्राहकाकडे जात नाही. साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर धातूचा पातळ पापुद्रा राहिलेला असतो, रनर-रायझरचे खुंट राहिलेले असतात, कोपऱ्याकोपऱ्यांत जळकी वाळू चिकटलेली असते. हे सारे काढून कास्टिंग साफ करण्याच्या कामाला फेटलिंग म्हणतात. भट्टीजवळच्या कामाला काही प्रतिष्ठा आहे, मोल्डरला तर आहेच आहे; फेटलिंगला ती नाही. ते काम कारखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये चालते आणि बहुतांशी ठेकेदाराकडे असते. तेथे काम करणारांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या मजुरांचा भरणा मोठा आहे. मजुरी दिवसावर क्वचित. किलोवर किंवा नगावर.

या कामाची बरोबर रीत कोणती? यंत्राला दोन्ही हातांनी धरावयाचे. बाजूचा दांडा हा शोभेसाठी दिलेला नाही. वस्तू शिकंज्यात किंवा टेबलावर पक्की बांधावयाची. पायाखाली दाबून कास्टिंग घासणारा कामगार आपले पाऊल चकतीच्या वाटेत ठेवीत असतो. उभे राहावयाचे ते चकतीच्या फिरण्याच्या रेषेबाहेर, आणि ठिणग्या आपल्यापासून व दुसऱ्यांपासून दूर पडतील अशा बेताने. चकती कोठे अडकली की यंत्र झटक्याने मागे उसळते. एका हाताने धरलेले यंत्र अशा वेळी थेट मांडीवर, गळ्यावर किंवा चेहऱ्यावर येते. बटण बंद केल्यावरही चकती काही सेकंद फिरत राहते, म्हणून ती थांबल्याशिवाय यंत्र खाली ठेवावयाचे नाही. चकती बदलण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या विजेच्या लहरीपणामुळे विशेष महत्त्वाची आहे. वीज गेली की कामगार यंत्र तसेच टाकून चहाला जातो. बटण अडकवून ठेवलेले असते. वीज परत येते आणि जमिनीवरचे यंत्र आपोआप उड्या मारू लागते. वीज गेली की पहिल्यांदा बटण सोडावयाचे आणि प्लग काढावयाचा, ही सवय शेडमधल्या प्रत्येकाला लागली पाहिजे.

चकत्यांचेही प्रकार आहेत आणि येथे गल्लत फार होते. कापण्याची चकती पातळ असते, तिने फक्त कडेने कापावयाचे. हाताशी आहे म्हणून तिची बाजू लावून घासू लागले की तिच्यावर आडवा दाब येतो, बारीक तडा जातो आणि ती फुटते. घासण्याची चकती सुमारे सहा मिलिमीटर जाड असते. ती कामाच्या पृष्ठभागाशी पंचवीस-तीस अंशांच्या कोनात धरतात. सफाईच्या कामाला फ्लॅप डिस्क किंवा रबरी पॅडवर बसविलेली घासकागदाची चकती वापरतात. फ्लॅप डिस्क याहून पुष्कळ सपाट, पाच ते पंधरा अंशांत धरली म्हणजे खळगे पडत नाहीत. दाणा ३६ किंवा ४० क्रमांकाचा घेतला तर माल भराभर निघतो, ६०-८० ने वेल्डिंगचा सांधा एकसारखा होतो, १२० ने रंगापूर्वीची सफाई होते. मधला टप्पा गाळला तर जाड दाण्याचे ओरखडे रंगाखालून वर येतात. स्टेनलेस स्टीलसाठी चकती वेगळी ठेवावी लागते; साध्या लोखंडावर वापरलेली चकती त्यावर फिरविली तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि न गंजणारे भांडे गंजू लागते. कोणत्याही चकतीवर जोर देऊन उपयोग नसतो. यंत्राचे वजन बहुतेक कामाला पुरते. जोर दिला की मोटर तापते, दाणा बोथट होतो आणि हात थकतो. जुना कारागीर ग्राइंडर हलका धरतो. नवा मनुष्य त्यावर रेलतो, कारण त्याला नग मोजायचे असतात.

चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख कोरलेली असते, हे फार थोड्या कामगारांना ठाऊक असते. राळ दमट हवेत कमजोर होते, म्हणून अशा चकतीचे आयुष्य उत्पादनापासून तीन वर्षांचे मानले जाते. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर पडलेली, हातातून सुटून आपटलेली किंवा कडेला टवका उडालेली चकती टाकून द्यावयाची. नवी चकती चढविल्यावर ती कामाला लावण्यापूर्वी सुरक्षित दिशेला धरून अर्धा-एक मिनिट मोकळी फिरवून पाहावयाची. सदोष चकती फुटायची असेल तर बहुधा या पहिल्याच मिनिटात फुटते. तारेच्या ब्रशाचे संकट निराळे. त्याच्या तारा तुटून सुईसारख्या सुटतात, कपड्यांत आणि डोळ्यांत घुसतात. म्हणून चष्म्यावर चेहऱ्याची पारदर्शक ढालही हवी. नुसत्या ढालीखालून कण आत शिरतात. सैल सुती हातमोजे, गळ्यातला गमछा, लोंबणारी बाही हे सारे चकतीत सापडते आणि हात ओढला जातो. चामड्याचे, हाताला घट्ट बसणारे मोजे चालतात. आणि ठिणग्यांच्या वाटेत पेट्रोल, थिनर, लाकडाचा भुसा किंवा अॅल्युमिनियमची भुकटी असता कामा नये, हे वेगळे सांगावयास नको. तरी रंगाचे डबे ग्राइंडरच्या शेजारीच मांडलेले आपण कितीदा पाहतो!

आता गार्डाकडे वळू. चकतीचा अर्धा घेर झाकणारे पत्र्याचे हे कवच दोन कामे करते. चकती फुटली तर तुकडे ते कामगारापासून वळविते, आणि यंत्रावर मापापेक्षा मोठी चकती चढू देत नाही. यंत्र विकत घेताना ते त्याच्याबरोबर येते. मग फेटलिंगच्या शेडमधील इतक्या ग्राइंडरांवर ते नसते, ते का? त्याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही अर्थशास्त्राची आहेत. पहिले असे की, कास्टिंगच्या आतल्या कोपऱ्यांत गार्डसह यंत्र पोचत नाही. कोपऱ्यासाठी वेगळे, लहान टोकाचे यंत्र मिळते. पण ते विकत घ्यावे लागते आणि ठेकेदाराने ते घेतलेले नसते. दुसरे कारण वेळेचे.

समजा, एक नग साफ करण्यास गार्ड ठेवून पाच मिनिटे लागतात आणि गार्ड काढून साडेचार. सात तासांच्या प्रत्यक्ष कामात पहिल्या रीतीने ८४ नग होतात, दुसऱ्या रीतीने ९३. नगावर मजुरी असेल तर रोजच्या कमाईत हा अकरा टक्क्यांच्या आसपासचा फरक आहे. घरी पैसे पाठविणाऱ्या माणसाला हे अकरा टक्के म्हणजे काय, हे सुरक्षेचे भाषण करणारास समजणार नाही. एकाने गार्ड काढला की शेजारच्याला काढावाच लागतो, कारण ठेकेदार दोघांचे नग एकाच वहीत लिहितो. आणि सर्वांनी काढला की पुढच्या खेपेस दर ठरतो तो ९३ नगांवर! कामगाराने आपले बोट पणाला लावून मिळविलेले ते अकरा टक्के वर्ष-सहा महिन्यांत ठेकेदाराच्या, आणि ठेकेदाराकडून कारखान्याच्या, खिशात गेलेले असतात. शेवटी उरते काय? मजुरी पूर्वीइतकीच, आणि यंत्र गार्डविना.

नगावर मजुरी देण्याच्या या पद्धतीवर मार्क्सने १८६७ साली 'भांडवल'च्या पहिल्या खंडात एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. त्याचा रोख असा की, या पद्धतीत देखरेखीची गरज कमी होते, कारण कामगार स्वतःच स्वतःवर मुकादमी करू लागतो. आणि मधल्या ठेकेदारांची साखळी उभी राहण्यास ती सोयीची ठरते. कोल्हापूरच्या शेडमध्ये जाऊन पाहणारास हे दीडशे वर्षांपूर्वीचे वर्णन वाटणार नाही. उलट बाजूने ॲडम स्मिथचा दाखला दिला जातो. १७७६ च्या आपल्या ग्रंथात त्याने म्हटले आहे की, घाणेरड्या आणि कष्टाच्या कामाला मजुरी अधिक मिळते. पाठ्यपुस्तकांत आजही हे शिकविले जाते, आणि विद्यार्थी ते परीक्षेत लिहितात. पण स्मिथच्या त्या बाजारात मजुराला एक काम सोडून दुसरे धरण्याची मोकळीक आहे, हे त्याने आधीच गृहीत धरलेले होते. घरापासून दीड हजार किलोमीटरवर, ठेकेदाराच्या खोलीत राहणाऱ्या आणि त्याच्याकडून उचल घेतलेल्या मजुराला अशी मोकळीक नसते. म्हणून कारखान्यातले सर्वांत धुळीचे काम सर्वांत कमी मजुरीत होते.

येथे कायद्याचा एक खाचखळगा कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा, कारण तो माहीत नसल्यामुळे माणसे नागविली जातात. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात शरीराच्या अवयवांचे एक कोष्टक होते. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरावयाचे. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. दुसरा डोळा शाबूत असून एक गेला तर ४० टक्के. वेतन हिशेबात घेण्याची कमाल मर्यादा २०२० पासून महिना १५,००० रुपये होती. तीस वर्षांच्या कामगाराला या हिशेबाने तर्जनीचे सुमारे २ लाख ६२ हजार रुपये मिळावयास हवेत. हे कोष्टक वाचताना मन विषण्ण होते, पण निदान काहीतरी मिळते. आता अपवाद पाहा. सुरक्षेसाठी बसविलेला गार्ड कामगाराने जाणूनबुजून काढला असेल, आणि इजा मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आणणारी नसेल, तर मालकावर भरपाईची जबाबदारी राहत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता अमलात आल्या; त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हा अपवाद जवळजवळ तसाच ठेवला आहे.

म्हणजे दर असा ठरवावयाचा की गार्ड ठेवून पोट भरू नये, आणि बोट तुटल्यावर विचारावयाचे, गार्ड कोणी काढला? काढला तो कामगारानेच, हे खरे आहे. साक्षीदारही तसेच सांगतील. 'जाणूनबुजून' या शब्दाच्या पोटात नगाचा दर येतो की नाही, हा प्रश्न आपल्या वकिलांनी प्रत्येक प्रकरणात उपस्थित केला पाहिजे. गार्ड नसलेली यंत्रे रोज सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत चालत असतील, तर मालकाची त्यास संमती होती, हे पुराव्यानिशी मांडता येते. त्यासाठी अपघातानंतर वही शोधण्यात अर्थ नाही. अपघातापूर्वीच लेखी तक्रार दिलेली असली पाहिजे आणि तिची पोच जपून ठेवली पाहिजे.

याउलट राज्य कामगार विमा कायद्याने, १९४८ च्या, अधिक माणुसकीचा नियम केला होता. विमा काढलेल्या कामगाराने एखादा नियम किंवा हुकूम मोडलेला असला, तरी तो मालकाच्या कामासाठीच ते काम करीत असेल तर अपघात कामावरचाच धरला जातो. नव्या संहितेतही हा नियम आला आहे. एकाच संहितेत गार्डाविषयी अशा दोन वृत्ती शेजारी शेजारी नांदतात. व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे : फेटलिंगच्या शेडमधील प्रत्येक ठेका मजुराचे नाव विमा योजनेत आहे की नाही, हे पाहणे हे संघटनेचे पहिले काम होय. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याला ही योजना लागू आहे, आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले त्यात येतात. ठेकेदार पाच नावे दाखवितो आणि पंधरा माणसे राबवितो, ही गोष्ट फाटकाबाहेर उभे राहून मोजता येते.

कारखाना कायद्याच्या, हाही १९४८ चाच, तिसाव्या कलमात एक तरतूद होती. घासण्याच्या प्रत्येक यंत्राजवळ चाकाचा कमाल सुरक्षित वेग सांगणारी पाटी कायमची लावावी, असे ते कलम सांगे. किती शेडमध्ये ती पाटी होती? जी पंचाहत्तर वर्षे कोणी मागितली नाही तिचे आता स्मरण करावे लागते, कारण नव्या संहितेत कारखाना कशास म्हणावे याची व्याख्याच बदलली आहे. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात पूर्वी दहा कामगार पुरत. आता वीस लागतात. पाटी लावण्यास कायद्याचा आधार लागतोच असे नाही, रंगाचा डबा आणि ब्रश पुरतो. पण ती मागण्याचा हक्क निराळा आणि मालकाची मर्जी निराळी.

आतापर्यंत जे सांगितले ते एका क्षणात होणाऱ्या इजेविषयी. ग्राइंडर सावकाशही मारतो. कास्टिंगला चिकटलेली वाळू ही सिलिका आहे. तिचा जो कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो तो डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती जाड धूळ नाकातच अडकते. तोंडाला बांधलेला ओला रुमाल या अदृश्य कणाला अडवीत नाही. सिलिकोसिस बरा होत नाही, आणि तो झालेल्याला क्षय सहज गाठतो. डॉक्टर क्षयाचे औषध देतो आणि कागदावर क्षय लिहितो. धंद्याचे नाव त्या कागदावर येत नाही, म्हणून भरपाईही येत नाही. अमेरिकेने २०१६ साली सिलिकेची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅमवर आणली. आपल्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टातील सूत्र शुद्ध सिलिकेच्या बाबतीत याच्या दुप्पट, सुमारे ०.१ मिलिग्रॅमवर येते, आणि तेही मोजले तर. स्वयंपाकघरांच्या ओट्यांसाठी जो कृत्रिम दगड आता पुण्या-मुंबईत बसविला जातो, त्यात सिलिकेचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असू शकते. त्याच्या घासकामाने तरुण कामगार मरू लागले तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे तो दगड इमारतीच्या जिन्यात बसून कोरडाच घासला जातो.

धूळ अडवावयाची ती तोंडावर नव्हे, चकतीजवळच. यंत्राला जोडलेले धूळ ओढणारे आवरण किंवा शोषण असलेले टेबल हा खरा उपाय. दगडाच्या बाबतीत त्यासाठी बनविलेल्या यंत्राने पाणी सोडून घासणे. साधा विजेचा ग्राइंडर मात्र पाण्याजवळ नेऊ नये. या सर्वांनंतर मुखवटा, आणि तोही आयएस ९४७३ या मानकाचा. जुन्या ग्रीलवरचा रंग घासतानाही मुखवटा विसरू नये : घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीच्या रंगाखाली काय आहे हे पाहून कळत नाही. आवाजाविषयी थोडक्यात एवढेच की, कारखाना नियमांत ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार आणि १०० ला दोन तास अशी मर्यादा होती. लोखंडावर चालणारा ग्राइंडर ९५-१०० च्या घरात सहज जातो, आणि शेडमध्ये तो एकटा नसतो. बहिरेपणा कायद्याच्या व्यवसायरोगांच्या यादीत होता, पण त्यासाठी कानांची तपासणी कामावर घेतानाच झालेली हवी. नाही तर मालक म्हणतो, हा गावाहूनच बहिरा आला. हाताला बसणाऱ्या थरथरीने बोटे पांढरी पडून बधिर होतात, हे तर थंडीचे दिवस येईपर्यंत कामगारालाही कळत नाही.

कामगार संघटनांनी आजवर या प्रश्नाकडे कसे पाहिले? महागाई भत्ता, बोनस, कायम करणे यांवर संप झाले, आणि ते व्हावयासच हवे होते. पण धुळीचा प्रश्न पुढे आला तेव्हा पुष्कळ ठिकाणी मागणी झाली ती धूळभत्त्याची. भत्ता मिळाला, धूळ राहिली. शिवाय कायम कामगारांची संघटना फेटलिंगच्या शेडपर्यंत पोचलीच नाही. तिथली माणसे ठेकेदाराची, परक्या भाषेची, आज येणारी उद्या जाणारी, म्हणून ती कोणाच्याच सभासद-वहीत नव्हती. मराठी माणसाच्या नावाने चालणाऱ्या राजकारणाने या मजुराला परका ठरविले. त्या परकेपणाचा पहिला लाभ कोणाला झाला असेल तर तो ठेकेदाराला.

आमच्या मते येत्या करारांत मागणी दराची असली पाहिजे, म्हणजे गार्ड बसवून, मुखवटा लावून, दर तासाला हातांना विश्रांती देऊन जेवढे नग होतात तेवढ्यांवर दिवसाची पुरी मजुरी. कामाची वेळ मोजणारा घड्याळ घेऊन येईल तेव्हा यंत्र पूर्ण गार्डात असेल आणि संघटनेचा माणूस शेजारी उभा असेल, अशी अट करारात लिहून घ्यावी. चकत्या, चष्मे, मुखवटे यांचा खर्च मूळ कारखान्याने करावा, ठेकेदाराने नव्हे. कारण ठेकेदार ज्या दिवशी चकतीचे पैसे मजुराच्या हिशेबात धरतो त्या दिवसापासून मजूर ती खुंटापर्यंत वापरतो आणि बाजारातली बिनतारखेची स्वस्त चकती आणतो. कोपऱ्यांच्या कामासाठी योग्य यंत्र नसेल तर ते नग घेऊ नयेत. कास्टिंगचा आराखडा आणि साचा सुधारून पापुद्राच कमी पडेल असे करणे हे तर मालकाच्याही हिताचे आहे. ज्या फाउंड्रीत साचे चांगले आहेत तिथे फेटलिंग कमी असते, हे कोणताही मोल्डर सांगेल.

राहता राहिली तीन-चार माणसांची दुकाने, जेथे मालकच वेल्डर असतो आणि हाताखाली भाच्याला किंवा पुतण्याला घेतो. तेथे निरीक्षक जात नाही, विमा योजना पोचत नाही, आणि करार करावयास समोर कोणी नाही. तेथे आपल्या कार्यकर्त्याने एका पिशवीत चष्मा, दोन मुखवटे आणि तारीख असलेली एक चकती घेऊन जावे, दुकानदाराजवळ बसावे आणि त्याच्या चकतीच्या कड्यावरची तारीख त्यालाच वाचावयास लावावी. यंत्रे दिवसाच्या भाड्याने देणारी दुकानेही आता तालुक्याच्या गावी झाली आहेत. त्यांच्या मालकांना एकत्र बोलावून, गार्ड, बाजूचा दांडा आणि पाना यांच्याशिवाय यंत्र दुकानाबाहेर जाणार नाही, एवढे कबूल करून घेता येण्यासारखे आहे. परत आलेल्या यंत्रावर गार्ड नसेल तर अनामत रकमेतून त्याची किंमत कापली जावी. तालुका समित्यांनी या दुकानांची यादी करावी, आणि पुढच्या बैठकीत ती समोर ठेवावी.